सुलभा समजून घेताना

(गोंदिया येथे ८ मार्चच्या निमित्ताने झालेल्या बैठकीत ‘उंबरठा’ हा चित्रपट दाखवण्यात आला. त्यानंतरच्या सत्रात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज मी ज्या बाईबद्दल बोलणार आहे ती खरी नाही. तिचं रेशनकार्ड नाही, मतदारयादीत नाव नाही. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, जब्बार पटेलांनी १९८२ साली ‘उंबरठा’ पडद्यावर आणला आणि स्मिता पाटीलने तिला चेहरा दिला. सुलभा महाजन तिचं नाव. या खऱ्या नसलेल्या बाईचा आपल्याला जेवढा राग येतो, तेवढा कित्येक खऱ्या माणसांचाही येत नाही. मघाशी चहाच्या वेळी जी चर्चा चालली होती ती मी ऐकत होते. “काम चांगलं केलं, पण आई म्हणून चुकली.” “पोरीला टाकून गेली.” “नवऱ्याने दुसरी बघितली त्यात नवल काय, ही घरी होतीच कुठे?” एक ताई म्हणाल्या, “शिकलेल्या बायकांचे चोचले आहेत हे.” ही वाक्यं मी कागदावर उतरवून घेतली आहेत. कुणाला धारेवर धरण्यासाठी नाही. ही वाक्यं आपल्या सगळ्यांच्या घरातली आहेत. ती आपण इथे मोकळेपणाने बोललो हे चांगलंच झालं.

मला सुलभा आवडते हे आधीच सांगून टाकते. नागपूरला एम.एस.डब्ल्यू. करत असताना मी ‘उंबरठा’ पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तिच्या धाडसाने भारावून गेले. नोकरीला लागल्यावर पुन्हा पाहिला, तेव्हा धाडसापेक्षा तिच्या टेबलावरच्या फायली, तक्रारी आणि कमिटीच्या बैठका जास्त दिसल्या. मूल झाल्यावर तिसऱ्यांदा पाहिला, तेव्हा तिची मुलगी दिसली, आणि त्या मुलीला सांभाळणारी जाऊ दिसली. चित्रपट तोच होता. प्रत्येक वेळी ती मला थोडी कमी सोपी वाटत गेली, आणि तेवढीच जास्त जवळची. म्हणून आज तिची बाजू मांडायला उभी आहे. बाजू मांडायची म्हणजे आरती ओवाळायची असं नाही.

ज्या उशिरा आल्या त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगते. सुलभा सुखवस्तू, प्रतिष्ठित, एकत्र कुटुंबातली सून. नवरा सुभाष वकील. गिरीश कर्नाडांनी ती भूमिका केली आहे. सासूबाई स्वतः सामाजिक कार्यात नाव कमावलेल्या. एक लहान मुलगी, राणी. सुलभा समाजकार्याचं शिक्षण घेते आणि संगमवाडी नावाच्या दूरच्या गावी महिलाश्रमाची अधीक्षिका म्हणून नोकरी स्वीकारते. घरचे म्हणतात, समाजसेवाच करायची तर इथे सासूबाईंच्या संस्थेत कर, एवढ्या लांब कशाला? जाऊबाईंना मूल नाही. राणीला त्या सांभाळायला तयार होतात. सुलभा जाते. तिथे तिला दिसतो भ्रष्टाचार, बेफिकीर व्यवस्थापन समिती, आश्रमातल्या बायांवर डोळा ठेवणारे पुढारी, आणि बाहेर जागा नाही म्हणून आत कोंडलेल्या बाया. ती लढते. आश्रमातल्या दोन बाया स्वतःला जाळून घेतात. चौकशी होते. शेवटी ती राजीनामा देऊन घरी येते. घरी मुलगी काकूची झालेली असते आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा पुन्हा घर सोडते.

आता पहिला आरोप घेऊ. पोरीला टाकून गेली.

आपल्या भागात आषाढात रोवणीला सुरुवात होते. सकाळी सहा-सातला बाई बांधीवर जाते, दिवसभर चिखलात वाकून परे लावते, संध्याकाळी घरी येते. अंगावर पिणारं मूल असेल तर ते सासूजवळ, जावेजवळ, नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ असतं. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम आला की पहाटे अंधारात जंगलात जावं लागतं. आपल्या झाडीपट्टीतून कितीतरी बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि महिना-महिना तिथेच राहतात. यांच्यापैकी एकीलाही आपण “पोर टाकून गेली” म्हणतो का? नाही म्हणत. म्हणतो, “बिचारी, काय करील, पोटासाठी जावं लागतं.”

आणि पुरुष? नवरा सैन्यात असतो, हैदराबादला बांधकामावर असतो, पुण्याला कंपनीत असतो. वर्षातून एकदा दिवाळीला, मंडईच्या दिवसांत येतो. मूल त्याला ओळखत नाही, दाराआड लपतं. आपण हसतो आणि म्हणतो, “बापाला विसरलं बघा.” तो बाप चुकला असं कुणी म्हणत नाही. उलट लेकरांसाठी किती कष्ट उपसतो म्हणून त्याचं कौतुक होतं.

म्हणजे मूल दुसऱ्याकडे ठेवून जाण्याला आपला विरोध नाहीच. बाई गरजेपोटी गेली तर चालतं. पुरुष गेला तर कोणत्याही कारणाने चालतं. बाई स्वतःच्या इच्छेने गेली तर मात्र चालत नाही. सुलभाच्या घरी खायला कमी नव्हतं. तिला काम करायचं होतं म्हणून ती गेली. “मला हे करायचं आहे” हे वाक्य एका आईच्या तोंडून आपल्याला ऐकवत नाही. सुलभाचा गुन्हा कोणता असेल तर तिला इच्छा होती, हा. राणीला एकटं टाकलेलं नव्हतं, घरातल्याच माणसाच्या हाती दिलेलं होतं. तरी आपण ‘टाकून’ हा शब्द वापरतो. हा शब्द कुठून येतो ते तपासून बघा.

आता कुणी म्हणेल, पण मुलीला त्रास झालाच ना? झाला. चित्रपट तो लपवत नाही, आणि मीही लपवणार नाही. सुलभा परत येते तेव्हा राणी तिच्याकडे झेपावत नाही. आईच्या काळजाला याहून मोठी शिक्षा नसेल. आठवड्यातले तीन-तीन दिवस मी देवरी-सालेकसा भागात फिरतीवर असते. माझ्या सासूबाई मुलाला सांभाळतात म्हणून मी आज इथे उभी आहे. रात्री उशिरा घरी पोचल्यावर झोपलेल्या मुलाकडे बघताना काय वाटतं ते मला माहीत आहे. पण त्रास झाला म्हणजे गुन्हा झाला असं नाही. किंमत मोजावी लागली एवढंच त्यावरून सिद्ध होतं. ही किंमत एकट्या बाईनेच का मोजायची, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. सुभाष शहरातच होता, घरातच होता. तो राणीचा बाप होता. राणी काकूची झाली, बापाची का नाही झाली, असं मघाशी आपल्यापैकी एकीनेही विचारलं नाही.

त्या काळी कायदा काय म्हणत होता तेही बघू, कारण घरातली मतं आणि कोर्टातली मतं एकमेकींच्या जावा असतात. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ आहे. जोडीदार योग्य कारणाशिवाय दूर राहत असेल तर त्याला नांदायला परत आणण्याचा हुकूम त्याखाली मागता येतो. साठ-सत्तरच्या दशकांत पंजाबच्या आणि मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयांनी या कलमाखाली असे निकाल दिले, की नवऱ्याची संमती नसताना बायकोने दुसऱ्या गावी नोकरी करत राहणं हे दूर राहण्याचं योग्य कारण होत नाही. १९७८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने स्वराज गर्ग यांच्या खटल्यात वेगळं सांगितलं. संसार कुठे मांडायचा हे ठरवण्याचा हक्क एकट्या नवऱ्याचा, असा कुठलाही कायदा नाही, आणि तसं मानणं राज्यघटनेतल्या समानतेच्या विरोधात जाईल. ती बाई पंजाबात शिक्षिका होती आणि नवरा दिल्लीला. या निकालानंतर चारच वर्षांनी ‘उंबरठा’ आला. सुलभा संगमवाडीला निघाली तेव्हा देशातली न्यायालयंसुद्धा या प्रश्नावर एकमताने बोलत नव्हती. ही काही एका लाडावलेल्या सुनेची लहर नव्हती.

आता तिच्या घरातल्या दोन बायांबद्दल. सासूबाईंना आपण खलनायिका करून टाकतो. मला त्या तशा वाटत नाहीत. त्या घराबाहेर पडलेल्या बाई आहेत, संस्था चालवतात, लोक त्यांना मान देतात. पण त्यांचं समाजकार्य घराच्या प्रतिष्ठेला धक्का न लावता, संध्याकाळी वेळेवर घरी परतणारं आहे. उलट त्या कामाने प्रतिष्ठा वाढते. सुलभाचं काम वेगळं आहे. तिला पगार आहे, जबाबदारी आहे, आणि दुसऱ्या बाईच्या भानगडीत तिला रात्री-अपरात्री उतरावं लागतं. एक काम दानाचं आणि दुसरं हक्काचं. हा फरक आम्हाला समाजकार्याच्या पुस्तकात चार ओळींत शिकवतात. सासू-सुनेच्या रूपाने तो एका घरात उभा केला की किती अवघड होतो ते या चित्रपटात दिसतं. जाऊबाईंचंही तसंच. त्यांनी राणीला हिरावून घेतलं असं म्हणणं सोपं आहे. पण मूल नसलेल्या बाईला ज्या घरात दुय्यम जागा असते, तिथे राणीमुळे त्यांना पहिल्यांदा स्वतःचं असं काही मिळालं. एकीला बाहेर जायची वाट मिळाली, दुसरीला घरात जागा मिळाली, आणि दोघींच्या मध्ये एक मूल आलं. यात वाईट बाई कोणती ते मला सांगता येत नाही. व्यवस्था वाईट आहे एवढं सांगता येतं.

आता आश्रमाकडे येते, कारण सुलभाला समजून घ्यायचं तर तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढून तिच्या कचेरीत बघायला हवं. आपण तिची परीक्षा आई म्हणून घेतो, बायको म्हणून घेतो. तिच्या कामाची परीक्षा कुणी घेतच नाही. पुरुषाच्या बाबतीत नेमकं उलटं करतो.

चित्रपटात जे आश्रम दाखवलं आहे ते अतिरंजित आहे, असं काहींना वाटतं. १९८१ साली उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार या कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. आग्रा इथल्या सरकारी संरक्षणगृहात मुली आणि बाया किती अमानुष अवस्थेत राहतात ते त्यात मांडलं होतं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि पुढे कित्येक वर्षं त्या संरक्षणगृहावर देखरेख ठेवली. म्हणजे जे पडद्यावर आलं, ते त्याच सुमाराला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आलं होतं.

आपल्या अगदी शेजारची गोष्टही आठवा. गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीत बसलं की अर्जुनीच्या पुढे वडसा येतं. तिथल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री मथुरा नावाच्या आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. खालच्या कोर्टाने तिच्याच चारित्र्यावर बोट ठेवलं. नागपूरच्या उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरलं, पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, असं कारण दिलं. १९७९ साली चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बक्षी आणि लोतिका सरकार त्यातही होते. सोबत वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. ‘उंबरठा’ या दोन वर्षांच्या मधला आहे. बाईच्या बाबतीत पहिला प्रश्न “ती कशी आहे?” हा विचारायचा की “तिच्यावर काय गुदरलं?” हा विचारायचा, यावर सगळा देश भांडत होता. सुलभा आश्रमातल्या बायांना दुसरा प्रश्न विचारते. आपण मात्र सुलभाला पहिलाच प्रश्न विचारत बसलो आहोत.

आता तिच्या उणिवा. सुलभा कडक आहे. कमिटीतल्या लोकांना गोड बोलून सांभाळून घेणं तिला जमत नाही. शिस्तीने, नियमाने, प्रामाणिकपणाने संस्था सुधारेल असा तिचा विश्वास आहे, आणि तो पुरा पडत नाही. आश्रमात दोन बायांचं एकमेकींवर प्रेम आहे. बाकीचे त्याला पाप समजतात. सुलभा त्यांना मारू देत नाही, पण तिलाही त्यात मानसोपचाराची गरज असलेला आजारच दिसतो. त्या काळी आमच्या व्यवसायाची समजच तेवढी होती. आपल्या देशात असे संबंध कायद्याने गुन्ह्यातून बाहेर यायला सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं. आज त्या दोघी माझ्यासमोर आल्या तर मी त्यांना डॉक्टरकडे पाठवणार नाही. त्यांना सोबत राहायला सुरक्षित जागा कुठे मिळेल ते बघेन. सुलभावर प्रेम आहे म्हणून हे झाकून ठेवायचं, असं मला वाटत नाही. माणूस आवडायला तो प्रत्येक बाबतीत बरोबर असावा लागत नाही. पुरुष नायकांना ही सवलत आपण नेहमीच देतो.

आणि त्या दोन मृत्यूंचं काय? ती असताना दोघी जळून मेल्या. त्या मृत्यूंचं ओझं घेऊनच ती राजीनामा देते. काही जणी म्हणाल्या, पळून आली. संस्थेत काम केलेल्या बाईला विचारा. अधीक्षिकेच्या हातात किल्ल्यांचा जुडगा असतो, अधिकार नसतो. धान्य कुणाकडून घ्यायचं ते कमिटी ठरवते. कुणाला आत घ्यायचं ते पोलीस आणि कोर्ट ठरवतात. बाईने बाहेर जाऊन कुठे राहायचं हे कुणीच ठरवत नाही, कारण बाहेर जागाच नसते. पण आत काही झालं की चौकशी अधीक्षिकेची होते. अशा ठिकाणी सही करत राहणं म्हणजे त्या सगळ्याला मान्यता देणं. सुलभा ती सही थांबवते. हे मला पळणं वाटत नाही. फार तर ती हरली म्हणा. प्रामाणिकपणे हरणं आणि पळणं यात फरक आहे.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला माफ करायला हवं होतं, असंही मघाशी कुणी म्हणालं. एक क्षण गोष्ट उलटी करून बघा. सुलभाने संगमवाडीला एकटेपणात दुसरा पुरुष जवळ केला असता आणि परत येऊन सांगितलं असतं, की तू दूर होतास म्हणून असं झालं. आपण सुभाषला म्हणालो असतो का, घे समजून? मग ज्या घरात माफीचा रस्ता एकाच बाजूने वाहतो, तिथे तिने का थांबावं? तिने आरडाओरडा केला नाही, कोर्टात गेली नाही, त्या दुसऱ्या बाईला शिव्या दिल्या नाहीत. ती निघाली. कितीतरी बायका अशा वेळी दुसऱ्या बाईच्या झिंज्या धरायला धावतात. सुलभा तसं करत नाही, हेही मला तिच्यात फार मोलाचं वाटतं.

घर सोडून जाणाऱ्या बाईवर चर्चा करणाऱ्या आपण पहिल्या नाही. १८७९ साली नॉर्वेच्या इब्सेनने ‘डॉल्स हाउस’ नाटक लिहिलं. त्यातली नोरा नवरा आणि मुलं सोडून दार ओढून निघून जाते. जगभर गदारोळ झाला. १९११ साली ते नाटक जपानमध्ये टोकियोला झालं. त्याच वर्षी तिथल्या बायकांनी ‘सैतो’ नावाचं स्वतःचं मासिक सुरू केलं होतं. जानेवारी १९१२ च्या अंकात त्यांनी नोरावर चर्चा घडवून आणली. त्यांचंही एकमत झालं नाही, आणि टीकाही तिच्यावर बायकांनीच केली. पुढे डिसेंबर १९२३ मध्ये चीनचे लेखक लू शुन यांनी बीजिंगच्या मुलींच्या कॉलेजात भाषण केलं. विषय होता, नोरा गेली, पुढे तिचं काय? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जाणाऱ्या बाईच्या हातात पैसा नसेल तर तिला दोनच वाटा उरतात, वाईट मार्ग किंवा परत घर. म्हणून धाडसाची स्तुती पुरे, बाईच्या हातात पैसा कसा येईल ते बोला.

हे मला फार पटतं. सुलभा दुसऱ्यांदा घर सोडू शकली, कारण तिच्याकडे शिक्षण होतं आणि पोट भरण्याचं कसब होतं. आश्रमातल्या बायांकडे ते नव्हतं म्हणून त्या आत अडकल्या. पळालेल्यांनाही बाहेर जागा नव्हती. उंबरठा दोघींनाही होता. एकीला तो ओलांडता आला, दुसरीला नाही. सुलभाचं कौतुक करताना हा जातीचा आणि वर्गाचा फरक आपण विसरता कामा नये. तसंच, तिला वाट मिळाली म्हणून तिच्यावर रागावण्यातही अर्थ नाही. वाट सगळ्यांना मिळावी यासाठी भांडायचं आहे.

आपल्या विदर्भाचीच एक परंपरा आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला पोटच्या मुलाच्या हत्येसाठी शिक्षा झाली होती आणि वर्तमानपत्रं समस्त बायकांवर तोंडसुख घेत होती. ताराबाई त्या विधवेला ओळखतही नव्हत्या. तरी त्यांनी विचारलं, की तिला या थराला आणणाऱ्या पुरुषांबद्दल आणि रूढींबद्दल कुणी का बोलत नाही? त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी ‘उंबरठा’ आला. सगळे जिला नावं ठेवतात तिच्या बाजूने एकदा तरी विचार करून बघायचा, हे आपल्या मातीतलंच काम आहे. ते कुणी परदेशातून आणलेलं नाही.

आता शेवटची गोष्ट. ही चित्रपटातली नाही. माझ्या ओळखीची एक बाई मुलींच्या निवासी शाळेत अधीक्षिका आहे. नाव आणि गाव सांगत नाही. चाळीस-पन्नास मुलींची रात्रीची जबाबदारी तिच्यावर असते. मुलीला ताप आला तर हीच उठते, पाळी आली तर हीच समजावते, कुणी कुंपणापाशी घुटमळलं तर हीच बाहेर येते. तिचा मुलगा सासरी आहे, साडेचार वर्षांचा. सासरच्यांनी सांगितलं आहे, जून महिन्यात शाळा उघडायच्या आत नोकरी सोड, नाहीतर मुलगा विसर. तिने मला फोनवर विचारलं, “ताई, मी वाईट आई आहे का?” मी म्हटलं, नाही. पण माझ्या एकटीच्या ‘नाही’ने तिचं काय भागणार? तिच्या गावातल्या शेजारणी, तिच्या नणंदा, बचतगटातल्या बाया तिला रोज काय म्हणतात त्यावर ती टिकते की नाही ते ठरणार आहे. आणि ती गेली तर त्या मुलींजवळ रात्री कोण झोपणार, हाही प्रश्न आहे. आपल्या मुली अशा वसतिगृहांत राहून शिकतात. तिथे आपल्याला चांगली, मायाळू, कडक बाई हवी असते. फक्त ती आपल्या घरची सून नसावी एवढीच आपली अट असते.

म्हणून माझी विनंती साधी आहे. तुमच्या तालुक्यात कुणी अधीक्षिका, नर्सताई, ग्रामसेविका, पोलीसताई बदलून आली तर तिला पहिला प्रश्न “लेकरं कुणाजवळ ठेवली?” हा विचारू नका. ती तो प्रश्न रोज स्वतःला विचारत असते. राहायला खोली बरी मिळाली का, रात्री दाराला कडी लागते का, पगार वेळेवर होतो का, हे विचारा. सुट्टीच्या दिवशी जेवायला बोलवा. तिचं मूल भेटायला आलं तर त्याचे लाड करा आणि त्याच्या देखत त्याच्या आईबद्दल चांगलं बोला.

आणि त्या अधीक्षिकेच्या सासरी बोलायला एप्रिलमध्ये जायचं ठरवलं आहे. मी जाणार आहे. पण सोबत सासू झालेल्या दोन-तीन जणी हव्यात, कारण तिच्या सासूशी बरोबरीच्या नात्याने त्याच बोलू शकतील. भांडायला जायचं नाही. मुलाला आठवड्यातून किती दिवस आईकडे पाठवता येईल आणि त्याच्या बापाने त्यात काय करायचं, यावर बसून बोलायचं आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी जाण्याआधी माझ्याजवळच्या वहीत नाव लिहून द्यावं.